आजोबांच्या टोपीवरचा बिल्ला कसा वाचायचा

मराठवाड्यातल्या जुन्या मिल्ट्रीवाल्या घरात बहुधा एक लोखंडी पेटी असतेच. तिच्यात पितळी बिल्ला, दोन-चार मेडलं, खांद्यावर लावायची पितळी अक्षरं, एखादं बकल आणि कसर लागलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरीतून सुटताना मिळालेलं पुस्तक, निघतं. घरातल्यांना विचारलं तर उत्तर एकच: आजोबा मिल्ट्रीत होते. पलटण कोणती, कुठे लढली, बिल्ल्यावर ते काय कोरलंय, यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. खरं तर निम्मी उत्तरं त्या बिल्ल्यावरच असतात. ती वाचायची रीत इथे सांगतो.

आपल्या भागातल्या माणसाने ही रीत शिकावी याला आणखी एक कारण आहे. रेजिमेंट म्हणजे एका नावाखालच्या अनेक पलटणींचं घराणं. भारतीय सैन्यातल्या दोन मोठ्या रेजिमेंटच्या टोप्यांवरची जनावरं आपल्या मुलखाच्या इतिहासातून तिकडे गेली आहेत. मद्रास रेजिमेंटचा हत्ती हा जालना जिल्ह्यातल्या असईचा. कुमाऊं रेजिमेंटचा अर्धा सिंह हा निजामाच्या राज्यात उभ्या केलेल्या फौजेचा. एक आज निलगिरीत वेलिंग्टनला आहे, दुसरा उत्तराखंडात राणीखेतला. तिकडच्या रंगरुटाला त्यांची गोष्ट पाठ असते आणि भोकरदनच्या एसटी स्टँडवर विचारलं तर कुणाला ठाऊक नसते. मला हे खटकतं, म्हणून या दोघांवर पुढे जरा जास्त रेंगाळणार आहे.

पहिल्या दिवशी काहीच घासायचं नाही

पेटी उघडली की कुणीतरी ब्रासो आणि जुना बनियन घेऊन येतंच. त्याला थांबवा. चिंच आणि राखही नको. जुन्या बिल्ल्यात कधी पितळ आणि पांढरा धातू जोडलेले असतात, कधी वरून पातळ मुलामा असतो. घासण्यात तो निघून जातो आणि मग परत येत नाही. शिवाय झीज हाच एक पुरावा असतो. नोकरीतला शिपाई बिल्ला रोज चमकवायचा, त्यामुळे खऱ्या वापरातल्या बिल्ल्याचे उंचवटे गुळगुळीत होतात: सिंहाचं नाक, हत्तीचं कपाळ, मुकुटाचे मणी. पेटीत जादा म्हणून पडून राहिलेला बिल्ला मात्र कोरा करकरीत असतो. आज तुम्ही घासलात तर दोघांतला फरक कायमचा गेला. हिरवा कळंक चढला असेल तर मऊ, कोरड्या ब्रशने झटका आणि थांबा.

मग खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. पुढचा, मागचा आणि कडेचा असे तीन फोटो हवेत. कडेचा फोटो लोक हटकून विसरतात आणि मेडलच्या बाबतीत तोच सगळ्यात महत्त्वाचा असतो. कोणती वस्तू कोणत्या पुरचुंडीत होती तेही लिहून ठेवा. एकाच घरातले दोन भाऊ, काका-पुतणे वेगवेगळ्या पलटणींत गेलेले असतात आणि एकदा सगळं एका ताटात ओतलं की कुणाचं काय ते कळत नाही. मेडलं एका पट्टीवर ओळीने लावलेली असतील तर तो क्रम मोडू नका. डिस्चार्ज बुकाला लॅमिनेशन करू नका. दुकानदार कितीही आग्रह करो, तापवलेलं प्लास्टिक एकदा चिकटलं की तो कागद पुन्हा सुटा होत नाही.

काय कुठलं, ते आधी वेगळं करा

गणवेशावर चार वेगवेगळ्या गोष्टी सांगणारी चिन्हं असतात आणि गोंधळ होतो तो ती एकच समजल्याने.

टोपीवरचा बिल्ला, म्हणजे कॅप बॅज, रेजिमेंट सांगतो. खांद्यावरची वाकडी पितळी अक्षरं, शोल्डर टायटल, तेच नाव थोडक्यात सांगतात. बिल्ला झिजला असेल तर ही अक्षरं कामाला येतात. बाहीवरच्या फिती आणि खांद्यावरचे तारे हुद्दा सांगतात: एक फीत लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार; एक तारा नायब सुभेदार, दोन तारे सुभेदार, आणि सुभेदार मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह. घरात आजोबांना कुणी 'जमादार' म्हणत असेल तर तोही धागा आहे. नायब सुभेदाराचं जुनं नाव जमादार होतं आणि ते १९६५ मध्ये बदललं.

चौथी गोष्ट म्हणजे दंडावरचा कापडी चौकोन, फॉर्मेशन साइन. हा रेजिमेंटचा नसतो. ती पलटण त्या काळात ज्या डिव्हिजनखाली, म्हणजे अनेक पलटणींच्या मोठ्या लढाऊ तुकडीखाली होती, त्या डिव्हिजनचा असतो. पलटण हलली की हा बदलतो आणि म्हणूनच तो कोणत्या आघाडीवर होते याचा पत्ता देतो. दुसऱ्या महायुद्धात काळ्यावर लाल गरुड ही चौथ्या भारतीय डिव्हिजनची खूण होती, लाल गोळा पाचव्या, सोनेरी बाण सातव्या, काळं मांजर सतराव्या डिव्हिजनची. मांजर आणि बाण दिसले तर ब्रह्मदेशाच्या आघाडीचा विचार करा, गरुड दिसला तर आफ्रिका आणि इटलीचा. हे कापड कसरीला पहिलं बळी पडतं, तेव्हा पेटीत नसलं तरी जुन्या फोटोत आजोबांच्या दंडाकडे नीट बघा.

मुकुट की सिंह

काळ ठरवायला याहून सोपी खूण नाही. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला आणि सैन्याच्या चिन्हांवरचा ब्रिटिश मुकुट जाऊन तिथे सारनाथचे अशोकसिंह आले. मुकुट असेल तर बिल्ला त्याआधीच्या घडणीचा, सिंह असतील तर नंतरचा. काही रेजिमेंटच्या बिल्ल्यांवर दोन्ही नसतात. तिथे ही कसोटी चालत नाही, दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

मुकुटातही दोन प्रकार आहेत. कमानी मधोमध खाली दबलेल्या असतील तर तो राणी व्हिक्टोरियाच्या काळचा, म्हणजे १९०१ पर्यंतचा. कमानी घुमटासारख्या गोल वर उचललेल्या असतील तर नंतरच्या राजांच्या काळचा. भिंगातून बघा, फरक लगेच दिसतो. बिल्ल्याखालच्या वळणदार पट्टीवरच्या इंग्रजी अक्षरांकडेही लक्ष द्या. 'मराठा' हे नाव 'एच' आणि दोन 'टी' घालून लिहिलेलं असेल तर तो इंग्रजी अमदानीतला माल आहे.

डावं-उजवं

बिल्ल्यांची कला युरोपातल्या ढालींवरून आली आणि तिथला एक नियम पक्का आहे: उजवं आणि डावं हे ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजायचं, बघणाऱ्याच्या नाही. त्यामुळे जुन्या वर्णनात 'उजवीकडे तोंड केलेला' असं असेल तर तुम्हाला ते जनावर डावीकडे बघताना दिसेल. सहसा जनावरं तिकडेच बघतात. पुस्तकातलं वर्णन आणि हातातला बिल्ला जुळत नाही म्हणून हातचा बिल्ला नकली ठरवण्याआधी एवढं आठवा. मागच्या पायांवर उभा, पंजे उगारलेला सिंह ही एक ठरीव मुद्रा आहे. कमरेपासून वरचाच भाग दाखवला तर तो अर्धसिंह. मोडलेला अर्धा तुकडा आहे असं समजून उरलेला शोधत बसू नका.

बाकीची चिन्हं

बिगूल म्हणजे लाइट इन्फन्ट्री किंवा रायफल्स. हे सैनिक मुख्य फळीच्या पुढे पांगून लढायचे, तिथे ढोलाचा हुकूम पोचत नसे, म्हणून बिगूल. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यातला बिगूल तो हाच. आपल्याकडच्या पेट्यांत हा बिल्ला वरचेवर सापडतो. तिचं केंद्र बेळगावला आणि उगम १७६८ चा.

पेटता गोळा म्हणजे ग्रेनेडियर्स. त्यांच्या गोळ्यावर एक पांढरा घोडा असतो आणि तो हॅनोव्हरचा, म्हणजे ब्रिटिश गादीवर आलेल्या जर्मन राजघराण्याचा. हिंदुस्थानी शिपायाच्या कपाळावर जर्मन राजाचा घोडा! चिन्हं अशी कुठून कुठे जातात. एकमेकांना छेदणारे, टोकाला झेंडी लावलेले दोन भाले म्हणजे घोडदळ, जे आज रणगाडे चालवतं. तोफ म्हणजे तोफखाना, तिरप्या दोन कुकऱ्या म्हणजे गुरखा. काठीला वेढा घातलेला साप म्हणजे वैद्यकीय दल. त्यांचं ब्रीद 'सर्वे सन्तु निरामया'.

घोडदळात एक चिन्ह मराठवाड्यातल्या माणसाला चटकन ओळखीचं वाटेल. पूना हॉर्सच्या निशाणाच्या काठीवर चांदीचा पंजा आहे. १८५७ मध्ये, आपल्याकडचा उठाव सुरू होण्याच्या काही महिने आधी, इराणात खुशाबच्या लढाईत पर्शियन पलटणीचं निशाण त्यांच्या हाती लागलं, त्याच्या टोकावरचा हा पंजा. आपल्या गावांत मोहरमच्या सवाऱ्यांवर जो पंजा मिरवतो, त्याच घराण्यातला. आपण तो श्रद्धेने बघतो, रेजिमेंटने तो लढाईची मिळकत म्हणून घेतला.

महार रेजिमेंटचा बिल्ला तर काळ वाचण्याचा उत्तम धडा आहे. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला ही रेजिमेंट उभी राहिली तेव्हा बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता, १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंट केलं गेलं आणि बिल्ल्यावर तिपाईवरच्या दोन व्हिकर्स मशीनगना तिरप्या आल्या. पुढे स्तंभ काढून त्या जागी कट्यार आली. ती आजही आहे, सोबत ब्रीद 'यश सिद्धि'. म्हणजे घरातल्या बिल्ल्यावर स्तंभ दिसला तर तो सुरुवातीच्या काळातला, कट्यार दिसली तर नंतरचा. स्तंभाचा बिल्ला ज्याच्या घरात आहे त्याने तो जपावा. तो किती जुना आहे हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलंय.

असईचा हत्ती

आता भोकरदनकडे. २३ सप्टेंबर १८०३ ला असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची गाठ पडली. कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला तो. शिंद्यांची कवायती पायदळं पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होती. वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं की जवळपास नदीला उतार नाही. त्याने बघितलं की केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. समोरासमोरच्या गावांत येणं-जाणं असणारच, म्हणजे मधे उतार असणारच, असा त्याने हिशेब केला आणि तो बरोबर निघाला. खेड्यात वाढलेल्या कुणालाही हे उमगलं असतं, पण लढाई त्या एका अंदाजावर फिरली.

त्या दिवशी कंपनीचे सुमारे १,६०० लोक ठार-जखमी झाले. ते कापले गेले मुख्यतः शिंद्यांच्या तोफांनी. शंभराच्या आसपास तोफा तिथे होत्या आणि त्यांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांजवळून हलले नाहीत. ७४ व्या हायलँडर, म्हणजे स्कॉटिश पलटणीची तर जवळपास राखच झाली. लढाई कंपनीने जिंकली आणि गव्हर्नर जनरलने त्यात लढलेल्या पलटणींना मानाची निशाणं दिली. त्यांच्यासाठी चिन्ह ठरलं हत्ती, वर शब्द 'असई'. ७४ वी, ७८ वी, १९ वी लाइट ड्रॅगून्स या गोऱ्या पलटणींना ते मिळालं, आणि मद्रासच्या देशी पलटणींनाही.

इथे जरा थांबा. त्या रणांगणावर ज्याने कंपनीला रक्त ओकायला लावलं ती होती तोफ. बिल्ल्यावर मात्र आला हत्ती, कारण गोऱ्यांच्या डोळ्यात हिंदुस्थान म्हणजे हत्ती. बिल्ला वाचताना हा प्रश्न नेहमी विचारावा: हे चिन्ह कुणी निवडलं आणि काय निवडायचं टाळलं? हरलेल्याच्या गोलंदाजांची हिंमत जिंकलेल्याच्या टोपीवर येत नसते.

हत्तीची पुढची वाटचालही पाहण्यासारखी आहे. ७४ वी पलटण पुढे हायलँड लाइट इन्फन्ट्रीत मिसळली आणि स्कॉटलंडच्या ग्लासगोतल्या शिपायाच्या टोपीवर हत्तीसह 'असई' हा शब्द विसाव्या शतकातही होता. इकडे मद्रासच्या पायदळ पलटणी १९२० च्या दशकात मोडल्या गेल्या, दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, रेजिमेंट पुन्हा उभी राहिली आणि हत्ती परत आला: ढालीवर हत्ती, मागे एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी, धारा खाली. स्वातंत्र्यानंतर भारतीय राजवटींविरुद्धच्या लढायांचे युद्धसन्मान पलटणींनी मिरवू नयेत असं ठरलं. हत्ती टोपीवर राहिला. आज त्याखालचं ब्रीद गीतेतलं आहे, 'स्वधर्मे निधनं श्रेयः'. आणि रेजिमेंटचं केंद्र ज्या वेलिंग्टन गावात आहे त्याचं नावही असईच्याच सेनापतीवरून पडलेलं.

व्यवहाराची गोष्ट: पेटीत हत्तीचा बिल्ला सापडला म्हणून 'आमचे पूर्वज असईला लढले' असं सांगत सुटू नका. १९४१ नंतरच्या मद्रास रेजिमेंटचाच तो असण्याची शक्यता जास्त. मुकुट आहे का बघा, सिंह आहेत का बघा, मग बोला. शिवाय हत्ती इतर पलटणींच्याही चिन्हांत सापडतो. ढाल आणि दोन तलवारी सोबत आहेत का, हे तपासल्याशिवाय नाव घेऊ नये.

रसेलचा अर्धा सिंह आणि 'हैदराबाद' नावाचा चकवा

कुमाऊं रेजिमेंटच्या बिल्ल्यावर क्रूस धरलेला अर्धसिंह आहे. हिमालयातल्या पलटणीच्या टोपीवर क्रूसवाला सिंह आला कुठून? हेन्री रसेल हा १८११ ते १८२० या काळात हैदराबादला कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे निजामाच्या दरबारातला प्रतिनिधी होता. त्याने निजामाच्या पैशावर कवायती पलटणी उभ्या केल्या, त्या रसेल ब्रिगेड म्हणून ओळखल्या जात. सिंह हा रसेल घराण्याच्या कुलचिन्हातला. म्हणजे एका इंग्रज घराची खासगी खूण पलटणीवर चढली.

या फौजेचं पुढे हैदराबाद कंटिंजंट झालं: निजामाचा पैसा, इंग्रज अधिकारी. तिच्या छावण्या आपल्याच गावांत होत्या: औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजची अंबाजोगाई. छत्रपती संभाजीनगरची 'छावणी' आपण रोज तोंडाने घेतो, तिची एक मुळी इथे आहे. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात मिसळून टाकलं. पायदळाला ९४ ते ९९ असे क्रमांक मिळाले, घोडदळातून डेक्कन हॉर्स निघाली, जिने १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर घोड्यांवरून हल्ला केला. १९२२ मध्ये पायदळ एकत्र करून १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. तोवर भरती मुख्यतः कुमाऊंकडची आणि उत्तरेतली होऊ लागली होती, म्हणून २७ ऑक्टोबर १९४५ ला नाव बदलून कुमाऊं केलं. नाव गेलं, माणसं बदलली, रसेलचा सिंह मात्र हलला नाही. ३ नोव्हेंबर १९४७ ला श्रीनगरजवळ बडगामला पडलेले, पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे चौथ्या कुमाऊंचे, म्हणजे याच सिंहाचे.

आता चकवा. पेटीत 'हैदराबाद' लिहिलेलं पितळ सापडलं की घरचे म्हणतात, आजोबा निजामाच्या फौजेत होते. थांबा. '१९' हा आकडा सोबत असेल तर ती हिंदी सैन्याची रेजिमेंट, निजामाची नव्हे. निजामाचं स्वतःचं लष्कर वेगळं होतं आणि त्याचे लान्सर्स, म्हणजे भालेवाले घोडेस्वार, पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनच्या आघाडीवर होते. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातली एक मूर्ती त्यांची. दोन्हींचे कागद वेगळ्या ठिकाणी, पेन्शन वेगळी. १९४८ च्या पोलिस अ‍ॅक्शनच्या आठवणी अजून ज्या घरांत ताज्या आहेत तिथे हा फरक नाजूकही असतो. तेव्हा बिल्ला नीट वाचूनच तोंड उघडावं.

आकड्यांचा घोळ

१९२२ च्या आधीच्या पलटणींना एकच, बहुधा दोन-तीन अंकी क्रमांक असे: १०३, १०५, ११० अशा मराठा पलटणी. १९२२ नंतर तिरपी रेघ आली. ४/१९ म्हणजे १९ व्या रेजिमेंटची चौथी पलटण. आधी पलटण, मग रेजिमेंट. त्या काळात मराठ्यांच्या रेजिमेंटचा क्रमांकच ५ होता, म्हणून 'पाचवी मराठा' म्हणजे सगळी रेजिमेंट की तिची पाचवी पलटण, हे नुसत्या बोलण्यावरून कळत नाही. कागदावर ३/५ असेल तर तिसरी पलटण. स्वातंत्र्यानंतर रेजिमेंटांचे हे क्रमांक गेले, पलटणींचे राहिले.

पाठ बघा

बाजारात नकली बिल्ले भरपूर आहेत, काही तर मुद्दाम काळवंडवलेले. ठशाने ठोकलेल्या जुन्या बिल्ल्याच्या मागे पुढच्या चित्राचा उलटा खळगा दिसतो, कडा साफ असतात. ओतीव नकलेची पाठ सपाट, दाणेदार, बारीक भोकांची असते आणि अक्षरं फुगलेली दिसतात. मागे दोन कड्या असतात, त्यांतून पिन घालून बिल्ला टोपीला बसवायचा. किंवा उभी पट्टी असते. कडी तुटून पुन्हा डाग दिलेला असेल तर घाबरू नका, पलटणीत अशी दुरुस्ती नेहमीची होती. घरच्या पेटीतला बिल्ला सहसा खराच असतो. संशय घ्यायचा तो विकत घेताना.

मेडलची कड

चित्रापेक्षा कड मोलाची. पहिल्या महायुद्धाच्या रुपेरी युद्धपदकाच्या आणि विजयपदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. स्वतंत्र भारताच्या पदकांवरही नाव असतं. भिंग आणि टॉर्च घ्या, मेडल हळूहळू फिरवा, दिसेल ते जसंच्या तसं उतरवा. स्पेलिंग सुधारू नका. कारकुनाने आजोबांच्या नावाचं जे काही केलं असेल, रेकॉर्डमध्ये तेच सापडणार.

मेडल हरवून नुसती फीत उरली असेल तरी वाचता येतं. गडद निळा, लाल, फिका निळा असे तीन सारखे पट्टे म्हणजे १९३९–४५ स्टार: नौदल, भूदल, हवाईदल. वाळूच्या रंगावर मधोमध लाल पट्टा आणि बाजूंना दोन निळ्या रेघा म्हणजे आफ्रिका स्टार. वाळू ही वाळवंटाचीच. मधे लाल, दोन्ही कडांना निळा आणि नारिंगी म्हणजे बर्मा स्टार, नारिंगी म्हणजे सूर्य. इटलीच्या झेंड्याचे लाल, पांढरा, हिरवा म्हणजे इटली स्टार. १९६५ चं समर सेवा स्टार आणि १९७१ ची पूर्वी व पश्चिमी स्टार ही नावं तर मेडलवरच वाचता येतात.

मग विचारायचं कुठे

रेजिमेंट कळली की तिचं रेकॉर्ड ऑफिस शोधायचं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगाव, महारचं मध्य प्रदेशातलं सागर, कुमाऊंचं राणीखेत, मद्रासचं वेलिंग्टन, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअर दलाचं, खडकी. पत्रात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीचं आणि निवृत्तीचं साल लिहा आणि तुम्ही त्यांचे कोण ते लिहा. नंबर नसेल तर पत्र बहुधा रिकामं परत येतं, म्हणून आधी मेडलची कड, पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक धुंडाळा. पत्र कसं लिहायचं कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. बहुतेक जिल्ह्यांत ते असतं आणि तिथले माजी सैनिक बिल्ला हातात घेऊन तुमच्यापेक्षा लवकर ओळखतात. कुणी महायुद्धात परत आलं नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. नावाची इंग्रजी स्पेलिंगं चार-पाच प्रकारे घालून बघा.

कायद्याचं थोडकं. शंभर वर्षांवरच्या वस्तू पुरावशेष कायद्यात येतात, त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धाची मेडलं आता त्या वयाची झाली आहेत, तेव्हा ऑनलाइन भाव विचारणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला नाही म्हणा. सैनिक असल्याचं भासवायला गणवेश किंवा बिल्ला घालणं गुन्हा आहे. गावच्या मिरवणुकीत नातवाला हौसेने पूर्ण वर्दी चढवण्याआधी हे लक्षात असू द्या. अशोकसिंहांचं चिन्ह दुकानाच्या पाटीवर किंवा संघटनेच्या लेटरहेडवर छापणंही २००५ च्या कायद्याने बंद आहे.

शेवटी ठेवायचं कसं. प्रत्येक वस्तू वेगळ्या सुती कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात. वर्तमानपत्रात नको, रबरबँड नको, हवाबंद प्लास्टिक नको. पाकिटावर पेन्सिलीने लिहा: कुणाचा, नातं काय, कुठे सापडला, त्यावर काय काय दिसतं. जे दिसतं ते एका ओळीत आणि जे तुम्हाला वाटतं ते दुसऱ्या ओळीत, 'अंदाज' असं लिहून. फोटोंचा एक संच दुसऱ्या गावातल्या भावाकडे ठेवा. रेकॉर्ड ऑफिसला पत्र धाडताना डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स लावा, मूळ प्रत पोस्टात टाकू नका.